सहा पांढऱ्या पेन्सिली

वरच्या मजल्यावर उषानं आंब्याचं चित्र काढलं आणि खालच्या मजल्यावर कमलिनीची भाजी करपली.

चित्र फोनवर आलं होतं. नारायणराव चष्मा कपाळावर सरकवून ते दाखवायला थेट स्वयंपाकघरात आले. "बघ तरी. देठाशी चीक आलाय, तोसुद्धा काढलाय. उषाचा हात सुरेख आहे हो."

कमलिनीनं पाहिलं. चिकाचा थेंब चकाकत होता. बोट लावलं तर चिकटेल असा. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, त्यांत नारायणरावांनी तिच्या हाताला सुरेख म्हटल्याचं तिला आठवेना. पोळ्यांना मऊ म्हणाले होते एकदा, तेही पाहुण्यांसमोर.

"चांगलाय," ती म्हणाली, आणि करपलेली भाजी खालून खरवडून त्यांच्याच ताटात वाढली.

कमलिनी आणि उषा सख्ख्या जावा. झाशीत सीपरी बाजारामागच्या गल्लीत दोघा भावांनी मिळून दोन मजले बांधलेले. धाकट्या दिरांची नोकरी बबीन्याच्या छावणीत, त्यामुळे उषा तीस वर्षं तिकडेच राहिली. मध्ये पंचवीस किलोमीटर होते तोवर जावांचं फार गोड होतं. सणाला यायचं, लाडू द्यायचे, डोळे पुसायचे, बस गाठायची. तीन वर्षांपूर्वी दीर निवृत्त झाले आणि उषा वर राहायला आली. आता मध्ये फक्त एकोणीस पायऱ्या. एकोणीस पायऱ्यांवर माया टिकवणं अवघड असतं, वरच्या फोडणीचा वास खाली येतो.

त्यात उषाच्या मुलीनं तिला रंगीत पेन्सिलींचा डबा पाठवला. पत्र्याचा, अठ्ठेचाळीस रंगांचा. उघडला की पेन्सिली अशा ओळीनं निजलेल्या, जशी इस्पितळातली बाळं. उषानं आधी वाटी काढली, मग जास्वंद, मग आंबा. मराठी बायकांच्या फोनवरच्या मंडळात प्रत्येक चित्राखाली हात जोडलेले, फुलं, अंगठे. कमलिनीची नात शमिका शाळेतून आली की दप्तर खाली टाकायची आणि वर पळायची. "छोटी आजीकडे जाते," म्हणायची. पूर्वी छोटी आजी हा शब्दच घरात नव्हता. छोटी आली म्हणजे कोणीतरी मोठी झाली, आणि मोठी झाली ती नुसती म्हातारी झाली.

हे सगळं कमलिनीनं गिळलं असतं. पण पुढे चैत्र आला.

झाशीत मराठी घरं थोडी. बाहेर हिंदी, बाजारात बुंदेली, पोरं घरातही हिंदीतच भांडतात. पण चैत्रगौर अजून बसते. देवळाच्या सभागृहात तिचं हळदीकुंकू होतं, कैरीची डाळ होते, पन्हं होतं, आणि गौरीपुढे चैत्रांगण घातलं जातं. म्हणजे नेहमीची फुलापानांची रांगोळी नव्हे. वर झोपाळ्यात गौर बसलेली, आणि तिच्याभोवती तिचा सगळा संसार: सूर्य, चंद्र, शंख, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, फणी, करंडा, आरसा, आणि दारातून आत येणारी तिची पावलं. एकही खूण विसरायची नाही. कमलिनीला हे सासूनं शिकवलं होतं आणि गेली चाळीस वर्षं ते तिनंच घातलं होतं. गेरूनं सारवलेल्या जमिनीवर तिच्या चिमटीतून पांढरी रेघ सुटायची ती थेट कासवाच्या शेपटीला जाऊन थांबायची. चिरगावच्या शाळेत ती चौथीपर्यंतच गेलेली. सही करायला तिला वेळ लागे. पण चैत्रातला तो एक दिवस बायका तिच्यापासून दोन हात लांब उभ्या राहायच्या, पदर लागून काही पुसू नये म्हणून. वर्षभर पुरेल एवढा मान तिला त्या दोन हातांत मिळायचा.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं बंद केलं.

सोमवारी मधुताई आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष. बाई मनानं चांगली, पण बोलताना समोरच्याकडे बघायची सवय नाही.

"कमलिनी, यंदा तुला त्रास नको. आपण चैत्रांगण कागदावरच करू, भिंतीला लावू. उषा काढेल ना. तिच्याकडे पेन्सिली आहेत."

कमलिनी पन्ह्याचा पेला पुढे करत होती. तो तिथेच थांबला. "कागदावर मीही काढीन की."

"तू? तुझ्याकडे पेन्सिली आहेत?"

"आहेत," कमलिनी म्हणाली.

घरात एक पेन्सिल होती, ती गॅस सिलिंडरची तारीख लिहायला दोरीनं बांधलेली.

"मग दोघी आणा शुक्रवारी," मधुताई म्हणाल्या. "चांगलं दिसेल ते गौरीमागे लावू. यात काय एवढं."

यात सगळंच होतं. मधुताई गेल्या तरी तो पेला कमलिनीच्या हातातच होता. मग स्वतःच पिऊन टाकला.

मंगळवारी सकाळी 'भाजी आणते' सांगून ती ई-रिक्षात बसली आणि सीपरी बाजारात वह्यापुस्तकांच्या दुकानापुढे उतरली. दुकानदार पियुष, तिशीतला, बोलायला गोड.

"आइए अम्माजी. क्या दें?"

"रंगवाली पेन्सिल. पोती के लिए," कमलिनी म्हणाली.

त्यानं अस्वलाचं चित्र असलेली बारा रंगांची डबी ठेवली. कमलिनीनं अस्वलाकडे पाहिलं, अस्वलानं तिच्याकडे.

"इससे अच्छी."

"पोती कितने साल की है?"

"अड़सठ की."

पियुष हसला नाही. हे त्याच्या खात्यात जमा करायला हवं. त्यानं अस्वल उचललं आणि आतून वेगळे खोके काढले. काही पेन्सिलींचं शिसं मऊ असतं, ते रंग दाट देतं पण मोडतं. काहींचं कडक, ते बारीक रेघ देतं पण फिकं. हे सगळं नीट सांगून तो म्हणाला, "सीखने वाले को बारह रंग बहुत हैं अम्मा. बाकी तो एक पे एक चढ़ाके बन जाते हैं."

शिकणारी. चाळीस वर्षं झाशीतली सगळी गौर जिच्या चिमटीतून उतरली ती शिकणारी. कमलिनीच्या कानशिलाशी काहीतरी उडालं. पण बारा म्हणजे उषाच्या अठ्ठेचाळीसपुढे काय, हा विचार त्याहून जोरात उडाला. "डबी नको. सुट्या दिखाओ."

सुट्या पेन्सिली लाकडी खणांत उभ्या होत्या. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि पियुष तिकडे वळला. कमलिनी रांगोळीचा रंग निवडते तशी निवडू लागली. चिमटीत धरून, उजेडाकडे करून, एकदा तर वास घेऊन. पिवळी घ्यायची ती हळदीसारखीच हवी, लिंबासारखी नको. लाल कुंकवाची, टोमॅटोची नको. काउंटरवर एक खाकी कागदाची पिशवी पडली होती, तिच्यावर ती रेघ ओढून बघे. पिवळी बरी दिसली. लाल जरा दबली. हिरवी मेलीच. पण पांढरी ओढली मात्र, आणि काय सांगावं, गेरूवर रांगोळी पडल्यासारखी ती रेघ उठून आली.

कमलिनीचा जीव निवला. रांगोळी तर पांढरीच असते. रंग नंतर, चवीपुरता. तिनं पिवळी एक घेतली, लाल एक, हिरवी एक, आणि पांढऱ्या सहा. चाळीस वर्षांचा हिशोब होता, पांढरीच आधी संपते.

पियुष परत आला आणि पेन्सिली बघून थबकला. "अम्माजी, छह सफ़ेद? सफ़ेद का क्या करेंगी? बच्चे तो डिब्बी में से सफ़ेद फेंक देते हैं."

"जिनको रंगोली नहीं आती वो फेंकते होंगे, बेटा."

त्यानं त्याच खाकी पिशवीत पेन्सिली घातल्या, जाड पांढऱ्या कागदाची मोठी गुंडाळी बांधून दिली, आणि कमलिनी राणीसारखी रिक्षात बसली. भाजी आणायची राहिली ते घरी आल्यावर कळलं.

दुपारी नारायणराव आडवे झाल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर कागद पसरला, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या, गौरीला नमस्कार केला आणि पांढऱ्या पेन्सिलीनं झोपाळ्याची कमान काढली.

काही दिसलं नाही.

तिनं चष्मा पुसला. पुन्हा काढली, जोर देऊन. कागदावर नुसती लकाकी आली, गोगलगाय फिरून गेल्यासारखी. दुकानदारानं पेन्सिली बदलल्या असतील असं वाटून तिनं दुसरी घेतली, मग तिसरी. सहाही तशाच. मग तिला कळलं, आणि कळल्यावर ती खुर्चीत मागे टेकून बसली. पांढऱ्या कागदावर पांढरी रेघ. एवढं शमिकालाही कळलं असतं.

शमिकाला कळलंच. ती शाळेतून आली, टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, तू काय काढतेस? दिखच नाही रहा."

"काही नाही. कागद पुसतेय."

"पेन्सिलने? छोटी आजीच्या डब्यात पण सफेदवाली आहे. नवीच आहे. ती कभी वापरत नाही."

"वर जाऊन काही बोललीस तर बघ."

"काय बोलू?"

"काहीच नाही. तेच."

मग कमलिनीनं लाल पेन्सिल घेतली. पण लेखणी धरायची म्हटली की तिच्या बोटांना चौथीतल्या बाईंची छडी आठवे. रेघ थरथरली. कासव कचोरीसारखं झालं, हत्तीची सोंड कुठे जावं ते न कळून परत फिरली. तिनं कागदाची गुंडाळी केली आणि कपाटामागे उभी केली. रात्रीच्या खिचडीत मीठ दोनदा पडलं. नारायणराव न बोलता जेवले. संसारात काही गोष्टी शिकतोच माणूस.

बुधवारी तिनं वाटी परत करायचं निमित्त काढलं. वाटी गेल्या दिवाळीची होती. गुडघे धरून एकोणीस पायऱ्या चढली तेव्हा उषा खिडकीपाशी बसून रंग भरत होती.

"या ना वहिनी. बरं झालं आलात. बघा, जमलंय का? तुमच्यासारखं थोडंच येणार."

ही उषाची गोड बोलण्याची सवय. कमलिनीला ती नेहमीच खडीसाखरेतल्या दोऱ्यासारखी दाताखाली येई.

कमलिनी चित्रावर वाकली. मोराच्या मानेला निळ्यावर हिरवा, हिरव्यावर जांभळा, असे थर चढवलेले. गौरीच्या शालूला जर. कासवाच्या पाठीवर ऊन. अठ्ठेचाळीस पेन्सिलींपैकी बऱ्याचशा झिजून बोटभर झालेल्या, एक पांढरी तेवढी कोरी, टोकासकट. शुक्रवारी हेच लागणार गौरीमागे. पुढच्या चैत्रातही हेच. मग पोरी विचारतील, आधी कोण काढायचं गं? आणि कोणाला आठवणार नाही.

आणि तेवढ्यात तिला पावलं दिसली.

गौर वर झोपाळ्यात होती. पावलं खाली. आणि पावलांची बोटं खालच्या बाजूला, दाराकडे. गौर आत येत नव्हती, निघाली होती. समोर उभ्या माणसाचे पाय डोळ्यांपुढे ठेवून काढले की अशी चूक होते. सासूनं कमलिनीला पहिल्याच वर्षी याच्यावरून टपली मारली होती.

अजून दोन दिवस होते. सांगितलं असतं तर उषानं खोडून नीट केलं असतं. कमलिनीच्या ओठांपर्यंत शब्द आला. तिथं तो बसला, पाय पसरून.

"छान झालंय," ती म्हणाली. "अगदी छान."

"खरंच? मला काही चुकल्यासारखं वाटत होतं."

"छे गं. काही बदलू नकोस."

खाली उतरताना तिचे गुडघे दुखले नाहीत. हे तिच्या लक्षात आलं आणि मग तिला तिचीच लाज वाटली. पण लाज एका खोलीत आणि आनंद दुसऱ्या खोलीत, असं दिवसभर चाललं.

दुपारी नारायणराव औषध घेत होते. गोळ्यांच्या पट्ट्या ठेवायला त्यांनी दुकानाची ती खाकी पिशवी घेतली होती. "हे काय गिरवलंयस?" त्यांनी विचारलं. "छान दिसतंय."

पिशवीवर तिनं दुकानात ओढून बघितलेल्या रेघा होत्या. लाल दबलेली, हिरवी मेलेली, आणि मधोमध पांढरी, जशी सारवलेल्या अंगणात.

कमलिनीनं गोळ्या टेबलावर ओतल्या आणि पिशवी हिसकावून घेतली.

"अगं, रक्तदाबाची कुठली आणि गॅसची कुठली..."

"दोन्ही घ्या."

एप्रिलमध्ये शाळा सुरू झालेल्या. शमिकाच्या वह्यांना कव्हरं घालायला खाकी कागदाची जाडजूड गुंडाळी कपाटावर आणून ठेवलेली. कमलिनीनं स्टुलावर न चढता छत्रीच्या दांड्यानं ती खाली पाडली. टेबलावर पसरली. खाकीचा तो रंग बघून तिला वाटलं, पाणी शिंपडलं तर मातीचा वास येईल. तिनं लेखणी धरतात तशी पेन्सिल धरली नाही. वरून धरली, चिमटीत, टोक सरळ खाली, रांगोळी सोडतात तशी. उभ्यानंच टेबलावर वाकली. आणि हातानं तिला ओळखलं.

झोपाळ्याची कमान एका दमात आली. कासव आलं, शेपटीसकट. गुरुवारी दिवसभर घरात वरणभातावर भागलं. तिसरी पांढरी संपत आली तेव्हा एकावन्न खुणा झाल्या होत्या, हळदीचा ठिपका आणि कुंकवाचा ठिपका तेवढा जागच्या जागी. पावलं तिनं सगळ्यांत शेवटी काढली. बोटं गौरीकडे. ती काढताना तिला उषाची पावलं आठवली. तिनं वर छताकडे पाहिलं. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती पायऱ्या चढून गेली नाही.

शुक्रवारी सभागृहात कैरीच्या डाळीचा वास दरवळत होता. मधुताईंनी आधी उषाचं चित्र उलगडलं. बायकांनी आहाहा केलं. मोराला बोट लावून पाहिलं. मग कमलिनीचा खाकी कागद उलगडला.

आहाहा कोणी केलं नाही. पुढे आलेल्या दोघीजणी मात्र मागे सरकल्या आणि त्यांनी पदर आवरून घेतले, पुसलं जाऊ नये म्हणून. भिंतीला टेकवलेला कागद तो. तरीही.

कमलिनीला आणखी काही नको होतं.

पण मधुताईंचं लक्ष आता दोन्ही कागदांवर फिरत होतं आणि ते मध्येच अडलं. "अगं उषा, तुझी गौर निघाली कुठे? पावलं बघ. बाहेर चाललीय ती."

एकजण हसली, मग दुसरी. "डाळ न खाताच?" कोणीतरी म्हणालं. उषानं चित्राकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. हातातली हळदीची कोयरी तिनं उगाच पुसली.

हाच तो क्षण. दोन दिवस कमलिनीनं त्याची चव जिभेवर घोळवली होती. आता तो ताटात आला, आणि बघते तर करपलेला. उषा आता साठीची आहे हे कमलिनीला पहिल्यांदाच दिसलं.

"काय हसता," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं तिला तसं काढायला."

मधुताईंनी प्रथमच समोरच्याकडे पाहिलं. "तू?"

"हो. गौर महिनाभर राहते आणि अक्षय्य तृतीयेला जाते ना? मग येतानाचं एक हवं आणि जातानाचं एक. येतानाचं माझं. जातानाचं उषाचं. त्या दिवशी लावायचं ते. नटून-सवरून, जरीचा शालू नेसून जाते आहे माहेरवाशीण, दिसत नाही का?"

बायका माना डोलवू लागल्या. एका म्हातारीला तर तिच्या माहेरी असंच असायचं हेही आठवलं. मधुताईंनी खाकी कागद गौरीमागे लावला. उषाचा जपून गुंडाळून कपाटात ठेवला.

महिनाभर माझं, एक दिवस तिचं, असा विचार कमलिनीच्या मनात आला नाही असं कोण म्हणेल. आला. डाळ खाताना आला, आणि डाळ जास्तच चविष्ट लागली.

परतताना दोघी एकाच ई-रिक्षात बसल्या. ओटीतले भिजवलेले हरभरे मांडीवर.

"वहिनी," उषा म्हणाली, "बुधवारीच दिसलं होतं ना तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"आणि म्हणालात, काही बदलू नकोस."

"म्हणाले."

रिक्षा खड्ड्यातून गेली. दोघींनी एकमेकींचा दंड धरला आणि सोडला.

"मीही नसतं सांगितलं," उषा म्हणाली. "बबीन्याहून दर चैत्रात यायचे मी. तुम्ही वाकून रेघ सोडायचात आणि सगळ्याजणी श्वास धरून उभ्या. मला वाटायचं, एकदा तरी हिचा हात चुकावा."

कमलिनीनं तिच्याकडे वळून पाहिलं. तीस वर्षं. एवढा जुना, मुरलेला मत्सर, आणि तिला पत्ताच नव्हता. तिला एकदम फार बरं वाटलं, लोणच्याची विसरलेली बरणी सापडावी तसं.

गल्लीच्या तोंडाशी उतरताना उषानं विचारलं, "तो खाकी कागद कुठला हो? मलाही एकदा पांढऱ्यानं करून बघायचंय. माझी पांढरी तशीच पडून आहे."

"पांढरी हवी तर आणखी एक देते. माझ्याकडे तीन आहेत."

"पांढरी नको. कागद द्या थोडा."

कपाटाशी अजून खाकीची जाडजूड गुंडाळी उभी होती. शमिकाच्या वह्या फार तर दहा.

"कागद संपला," कमलिनी म्हणाली, आणि कठडा धरून पायरी चढली.